चपट्या काकाचा घोडा

छकुलीच्या आईस,

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. गुडघा आहे तसाच आहे, त्याचं विचारू नकोस. आईचा खोकला थांबला का?

आज मात्र मी सुन्न झालोय. आमच्या सुतारखान्यातला पॉलिशवाला, ज्याने छकुलीला लाकडी घोडा करून पाठवला, तो काम सोडून त्याच्या मायदेशी गेला. त्याच्या देशातल्या सगळ्यांनाच आम्ही नाकावरून चपट्या म्हणतो. त्यालाही सहा वर्षं तोंडावर तेच म्हणत आलो. आपली भाषा त्याला कुठे कळते, असं वाटायचं. प्रेमानेच म्हणायचो गं.

निघताना त्याने ब्रश धुऊन ठेवले, माझा हात धरला आणि चक्क मराठीत शांतपणे म्हणाला, "चपट्या निघाला. पोरीला सांगा, घोडा उन्हात ठेवू नको, पॉलिश जाईल."

त्याला सगळं कळत होतं. कधीपासून, देव जाणे.

छकुली फोनवर त्याला चपट्या काका म्हणायची, ते मीच शिकवलं. आता तिला त्याचं खरं नाव शिकव, असं लिहायला बसलो होतो. पण ते मला माहीत नाही.

तुझा,
छकुलीचा बाबा