एका कान्याचं धोरण

प्रिय धाकटे,

आधी तक्रार. आमच्या मूल्यमापन समितीच्या बैठकीत चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली आहेत. देशाच्या धोरणांतले दोष निव्वळ चहावर शोधायचे, हे तपश्चर्येच्या वरचं झालं. ऋषींना निदान कंदमुळं तरी होती.

यंदा आमच्यापुढे घरपोच शुश्रूषेची योजना आली. तीन वर्षांपूर्वी परिचारिका नेमल्या, त्यांना सायकली दिल्या, पण रुग्णच सापडेनात. एका सदस्याचं म्हणणं पडलं की लोक धडधाकट झाले असतील, योजना गुंडाळा. मी म्हटलं, गुंडाळण्याआधी वाचू तरी. नियम असा: ‘सत्तरीपुढील व अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींस’. तुझे फेटाळलेले दोन्ही अर्ज मला तिथेच आठवले. मेहुणे अंथरुणाला खिळलेले, पण अठ्ठावन्नचे. तुझ्या सासूबाई एक्क्याऐंशीच्या, पण भिंत धरून का होईना, शेजारणींची भांडणं सोडवायला जाणाऱ्या. म्हातारपण आणि आजारपण दोन्ही तुझ्या घरात, पण एका देहात नाहीत, म्हणून दोघंही बाद.

मी सुचवलं, ‘व’ला काना द्या, ‘वा’ करा. दोहोंपैकी एक पुरे. शिवाय कुठलाही नियम छापण्याआधी, तो ज्यांच्यासाठी आहे अशा दहा घरांत मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या अध्यक्षबाई मोजकंच बोलतात. त्या म्हणाल्या, “कान्याला वेगळा निधी लागत नाही. मंजूर.” बदलाचा आदेश कालच निघाला. सोबत दोन कोरे अर्ज आहेत. दोघांचे वेगवेगळे भर.

पण बैठकीसाठी मूळ मसुदा काढला, तेव्हा त्यात ‘वा’च होता. काना लाल शाईने खोडलेला, आणि बाजूला शेरा: ‘विकल्पाने वाक्य सैल होते.’ अक्षर माझं; तेव्हा मसुद्यांची भाषा तपासायचं काम माझ्याकडे होतं. संस्कृत शिकलेल्या माणसाला वाक्य घट्ट हवं होतं, बाकी काही नाही. हे मी अहवालात माझ्या सहीनिशी लिहिलं आहे. ते सोपं गेलं.

हे पत्र मात्र चौथ्यांदा लिहितो आहे. तीन वर्षं मेहुण्यांना तू एकटीने कुशीवर वळवत राहिलीस, तुझी पाठ धरली, आणि मी इकडून ‘सरकारला डोकं नाही’ असं लिहून तुझं सांत्वन करत होतो. आता परिचारिका येईल, याची मला खात्री आहे. तू माझ्याशी पूर्वीसारखी बोलशील, याची नाही.

तुझाच,
दादा