चार नावांचा फलक

१ मार्च १९६४, रविवार
आज व्यायाम मंडळाच्या कमिटीची मीटिंग. येत्या १ मे रोजी धाडच्या आमच्या मंडळाला तीस वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त नव्या टिनाच्या हॉलमध्ये मानाचा फलक लावायचं ठरलं. निवृत्त कबड्डीपटूंची नावं, ऑइलपेंटमध्ये, कायमची. पेंटर म्हणतो, दारातून वाचता यायची असतील तर चारच नावं बसतील. चार तर चार.
निवड आम्ही पाच जण करणार. अध्यक्ष अर्जुनराव (आयुष्यात मैदानात उतरले नाहीत, पण हॉलची जागा त्यांची), ड्रिलचे शालिग्राम मास्तर, सायकल दुकानवाला अब्दुल गनी, वांग्यामिरचीचा मळा करणारा उकंडराव, आणि चिटणीस म्हणून मी. गनी, उकंडराव आणि मी एकाच टीमचे.
जबाबदारी फार मोठी. मी स्वतः उमेदवार असल्यामुळे मला पूर्ण निःपक्षपाती राहावं लागेल.
चार नावं मनात तयार आहेत. त्यातलं एक इथे लिहायची गरज नाही.

२ मार्च
संकल्प. अनावरणाच्या दिवशी लोक आधी फलकाकडे बघतील, मग माझ्याकडे. शरीर तसं दिसलं पाहिजे. उद्यापासून पहाटे पन्नास जोर, शंभर बैठका. घरात जाहीर केलं. सत्यभामा म्हणाली, "विहिरीवरून एक बादली आनली तं तुमाले धाप लागते." बायकांना स्पोर्ट्समधलं कळत नाही.

३ मार्च
जोर अकरा. बैठका नऊ. सुरुवात म्हणून उत्तम.

४ मार्च
पाठ धरली. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे.

८ मार्च, रविवार
मीटिंग. मी चार रूल लिहून नेले होते. एक: खेळाडू निवृत्त असावा. दोन: मंडळाकडून किमान दहा वर्षं खेळलेला असावा. तीन: कॅरेक्टर चांगलं असावं. चार: मतदान गुप्त, आणि चिठ्ठ्या मोजल्याबरोबर जाळून टाकाव्यात, म्हणजे गावात मागाहून भांडणं नकोत. प्रत्येकाने चार नावं लिहायची. ज्याला तीन मतं, तो फलकावर.
रूल एकवरच पाऊण तास गेला. आमच्या टीमचा जुना गडी जानराव सहा वर्षांपूर्वी वारला. तो निवृत्त धरायचा का? शालिग्राम मास्तरांचं म्हणणं, त्याने निवृत्ती कधी कळवलेली नाही. गनी म्हणाला, "मास्तर, मेलेला माणूस आता कोनच्या टीमकडून खेळनार हाय?" शेवटी मृत्यू ही निवृत्तीच समजावी असा ठराव झाला. मिनिट्समध्ये लिहिताना हात जड झाला.

१५ मार्च, रविवार
फार मनस्ताप. शालिग्राम मास्तरांनी कुठून तरी मंडळाचं जुनं रजिस्टर शोधून काढलं. हा माणूस कागदावर नसेल तर सूर्यही उगवला असं मानणार नाही. प्रत्येकाचं रेकॉर्ड मोठ्याने वाचलं. अब्दुल गनी, मॅच एकशे बारा. उकंडराव, शहाण्णव. मी, मॅच तीन, आणि पुढे चौदा वर्षं 'राखीव'.
मी शांतपणे समजावलं की राखीव म्हणजे राखून ठेवलेला. माणूस किमती वस्तूच राखून ठेवतो. रोजच्या वापराला पितळ्या, चांदीची वाटी कपाटात. कोणी काही बोललं नाही. मुद्दा पटला असावा.
रूल दोनमध्ये मात्र दुरुस्ती आवश्यक वाटली. 'दहा वर्षं खेळलेला' ऐवजी 'मंडळाशी दहा वर्षं संबंध असलेला'. अर्जुनरावांनी ताबडतोब पाठिंबा दिला. इतक्या उत्साहाने का दिला ते कळलं नाही.

१९ मार्च
व्यायाम पुन्हा सुरू. आज फक्त दमाची प्रॅक्टिस. गोठ्यामागे उभा राहून एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हटलं. बाराव्याला ठसका लागला. शेजारच्या गीताबाई कुंपणावरून विचारत होत्या, कोनाले बोलावून राह्यले.

२२ मार्च, रविवार
आज खरी डिबेट. तीन तास. घसा बसला.
आधी तुळशीराम. चढाईला वाघ, पण अंगाला तेल चोपडून उतरायचा हे साऱ्या जिल्ह्याला माहीत. मी ऑब्जेक्शन घेतलं. ज्याला धरताच येत नाही त्याचे पॉइंट खरे कसे मानायचे? गनी म्हणाला, तेव्हा सगळेच तेल लावायचे, तुळशीराम जरा जास्त लावायचा एवढंच. शालिग्राम मास्तर म्हणाले, रजिस्टरमध्ये तेलाचा उल्लेख नाही. विषय संपला.
मग किसनराव. हा मात्र तत्त्वाचा प्रश्न. ऐन भरात असताना आमची टीम सोडून निजामाच्या हद्दीत गेला आणि जालन्याकडून खेळला. तेही एका रेशमी बनियनसाठी. पुढच्याच वर्षी आमच्याविरुद्ध उतरून आमचेच पाच गडी मारले. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की माझ्या जिवात जीव आहे तोवर या फितुराचं नाव फलकावर लागणार नाही. मिनिट्समध्ये तसंच लिहिलं. अधोरेखित केलं.

२९ मार्च, रविवार
उकंडरावचं नाव चर्चेला. तो स्वतः समोर बसलेला. दुखरा गुडघा बाकावर लांब करून. गडी पकडीचा बादशहा होता हे मी नाकारत नाही. घोटा धरला की सोडायचा नाही. गुडघा गेला तोही तसाच, एका दांडग्या गड्याला धरून ठेवताना.
पण सत्य हे सत्य. १९४६ सालची मेहकरची फायनल आम्ही एका पॉइंटने हरलो, ती उकंडरावमुळे. शेवटची चढाई माझी. गनी जखमी झाला म्हणून मला उतरवलं होतं. मी आत घुसलो होतो, दम पक्का होता, दोन गडी माझ्या हाताच्या टप्प्यात होते, आणि तेवढ्यात मागून उकंडरावने हाक मारली. माझा दम तुटला. अठरा वर्षं हे शल्य मनात आहे. आज कमिटीसमोर मांडलं.
गनी म्हणाला, "हाक? मी तं लाइनीवरच बसलो होतो. मले नाही आयकू आली. मले एवढंच दिसलं का तू मधात जाऊन खाली बसला."
मी उकंडरावकडे बघितलं. तो जरा वेळ गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "मारली होती बे गनी. माहीच चूक होती ते. दुसऱ्या कोनाची नाही."
कबुली. सगळ्यांसमोर. अठरा वर्षांनी न्याय मिळाला. गनी मात्र विनाकारण उठून बाहेर गेला.

३० मार्च
उकंडरावने सकाळी वांगी पाठवली. अपराधी माणसाला मन खातं. भरीत चांगलं झालं.

५ एप्रिल, रविवार
मतदान पुढच्या रविवारी. मतांचा अंदाज घेतला. अर्जुनराव म्हणाले, "तुमचं काम मोठं आहे, भगवंतराव." म्हणजे एक. शालिग्राम मास्तर म्हणाले, "बघू." मास्तर 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणतात. म्हणजे दोन. गनीकडे सायकलची हवा भरायला गेलो. त्याने हवा भरून दिली आणि काही बोलला नाही. मित्र मित्राला मनातलं सांगत नसतो. तीन. उकंडरावचं मत गेलं असं धरतो. त्याने मनात ठेवलं असणार.
तीन पुरेत. त्यामुळे माझ्या चिठ्ठीवर मी स्वतःचं नाव लिहिणार नाही. शोभत नाही. उद्या इतिहास विचारेल.

१२ एप्रिल, रविवार, सकाळी
चिठ्ठी लिहिली. अब्दुल गनी. जानराव. तुळशीराम (तेलासकट). चौथं नाव सुचेना. स्वतःचं लिहायचं नाही हे ठरलेलं. राहता राहिला उकंडराव. पेन उघडं धरून बसलो. मेहकर आठवलं. फार विचार केला. शेवटी किसनराव लिहिलं. माणसाने मन मोठं ठेवावं. जालना आता महाराष्ट्रातच आहे.

संध्याकाळी
निकाल लागला. शालिग्राम मास्तरांनी मोजून वाचलं. जानराव पाच. अब्दुल गनी चार. तुळशीराम चार. किसनराव तीन. हे चौघं फलकावर. उकंडराव दोन. अर्जुनराव एक. भगवंतराव एक.
अर्जुनरावांना कोणी मत दिलं हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. सगळ्यांनी खाली बघितलं. मग, तशाच अर्थाने, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी उभा राहून स्पष्ट सांगितलं की मी स्वतःला मत दिलेलं नाही. गनी म्हणाला, "असू दे भगवंत. आपल्यातच हाय."
मी म्हणालो, चिठ्ठ्या काढा, अक्षर तपासा. शालिग्राम मास्तरांनी रूल चारवर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातली राख दाखवली.
उकंडराव एका मताने राहिला. कोऱ्या फलकाकडे बघून म्हणाला, "बरं झालं. जानराव आला ना." आणि काठी घेऊन गेला.

१३ एप्रिल
सहकारी सोसायटीत कामाला गेलो. सगळ्या धाडला माहीत झालंय की चिटणीसाने स्वतःला मत टाकलं. कोणी तोंडावर बोलत नाही. बोलले असते तर उत्तर तरी देता आलं असतं.

१४ एप्रिल
सत्यभामाला सांगितलं की ते मत माझं नव्हतं. ती म्हणाली, "मंग तं आखीनच वाईट झालं." म्हणजे काय, विचारलं. म्हणाली, "स्वतःचं असतं तं दोन झाले असते."

१८ एप्रिल
ते एक मत कोणाचं याचा छडा लावल्याशिवाय राहणार नाही. ज्याला माझी किंमत कळली असा एक माणूस गावात आहे. गनीच असणार. दुकानात जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि आभार मानले. तो पंक्चर काढत होता. म्हणाला, "कायचे आभार? मी कुठी टाकलं तुले? तू तीन मॅच खेळला. दोस्ती वेगळी, फलक वेगळा." हात त्याने सोडवून घेतला. त्याला सोल्यूशन लागलेलं होतं, ते माझ्या शर्टला लागलं.

१९ एप्रिल, रविवार
शालिग्राम मास्तर. 'बघू' म्हणाले होते. विचारलं. म्हणाले, "नाही." मास्तर 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणतात.

२१ एप्रिल
तर मग अर्जुनराव. दोन मैल चालत त्यांच्या मळ्यावर गेलो, उन्हाचा. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "ते एक मत तुम्हीच दिलंत ना मला?" त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी हो म्हणालो. मला दिलं असतं तर आधी तेच सांगितलं असतं, म्हणजे त्यांचं मत मला असण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी स्वतःला दिलं की काय, हे त्यांनाही आता नीट आठवत नसावं.
परत येताना ऊन लागलं. कोणाचं मत असेल? कोणी उरलेलंच नाही. मोजण्यात चूक झाली असावी. मास्तर चष्मा बदलत नाहीत.

२५ एप्रिल
राजीनामा लिहिला. कडक लिहिला. तीन पानं.

२६ एप्रिल, रविवार
राजीनामा दिला नाही. अनावरणाची व्यवस्था चिटणीसाशिवाय होणार नाही. मंडप, खुर्च्या, नारळ. जोर-बैठका आता कोणासाठी करायच्या?

१ मे, शुक्रवार
अनावरण झालं. महाराष्ट्र दिन म्हणून झेंडाही. किसनराव जालन्याहून जीप करून आला. डोक्यावर केसांचा टोप घातलेला, दात नवे. हार घालून घेतला आणि भाषणात म्हणाला की धाडची माती मी कधी विसरलो नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या गळ्यात हार घालायचं काम चिटणीसाचं होतं. घातला.
उकंडराव मागे, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला खुर्ची द्यायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. कामं फार होती. गनीने आपली दिली.

३ मे, रविवार
सकाळी हॉलच्या किल्ल्या परत ठेवायला गेलो तर उकंडराव पायरीवर बसलेला. चुकवून जाता आलं नाही. म्हणाला, "बस ना बे. घाई कायची हाय?" बसलो.
बराच वेळ मिरचीचं बोलला. यंदा पिकावर बोकड्या रोग पडला म्हणे. मग म्हणाला, "तुले एकच मत पडलं. मले वाईट वाटलं. म्या तं टाकलं होतं तुले."
मी विचारलं, काऊन? माझ्याही तोंडून गावचंच निघालं.
म्हणाला, "चवदा वर्स तू पान्याची बादली घेऊन लाइनीवर उभा राह्यला. एक मॅच चुकवली नाही. माहा गुडगा गेला तं मेहकरापासून बैलगाडीत माह्या पायाले धरून बसला होता रातभर. ते रजिस्टरात कोन लिहीन? म्या म्हनलं, आपन लिहावं."
मी किल्ल्यांचा जुडगा चाळत बसलो. तो हसला. म्हणाला, "आन् तुह्यं मत मले पडलं असनच. ते एक, आन् दुसरं गनीचं. हेच दोन मले पाहिजे होते. बाकीच्याइचं काही नाही."
मी हो म्हणालो.
मग त्याला उभं राहायला हात दिला. दारातून फलक चांगला दिसतो, पेंटरचं खरं आहे. उकंडरावने चारही नावं एकेक अक्षर लावत वाचली. शेवटच्या नावावर थांबला.
म्हणाला, "हा किसन कसा काय बसला बे? त्याले तिसरं मत कोनं देल्लं असन?"
मी म्हणालो, मतदान गुप्त होतं.
तो म्हणाला, "हाव. ते बी खरं."