माझ्या वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स आणि बोमन ओढ्यावरची जमीन

मी, बर्नडीन हॅलोरन नटसन, कै. ऑर्विल नटसन यांची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार कॅलाहन फ्लॅट्स, मॉन्टाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण पुढचे वाचल्यावर त्याची गरज कोणाला वाटेल असे मला वाटत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. ज्यांनी आजवर प्रयत्न केला त्यांची नावे ओघात येतील. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागात लिहिली होती. हेही रागातच लिहीत आहे, पण पुरेशी झोप घेऊन.

माझ्या मालकीचे जे आहे त्यात लोकांना रस आहे तो एकाच गोष्टीत: बोमन ओढ्यावरची एकशेसाठ एकर जमीन आणि तिच्यावरची लाकडी केबिन. ती माझ्या वडिलांकडून मला आली. नोव्हेंबरात वर बर्फ साचले की दोनअडीचशे एल्क, घोड्याएवढी ती हरणे, त्या उतारावर खाली येतात. माझा एकुलता एक मुलगा डेरिल याला तिथे शेकोटीवाल्या चार खोल्या बांधायच्या आहेत आणि बाहेरच्या राज्यांतल्या पैसेवाल्यांना आणून ओसरीवरून, दरीपलीकडे, सातशे यार्डांवर गोळ्या झाडू द्यायच्या आहेत. त्याने पत्रकही छापले आहे. पत्रकावर माझ्या जमिनीचा फोटो आहे. मूळ फोटोत मी उभी होते. मला कापून काढले आहे. मी अजून जिवंत आहे, एवढे तरी छापणाऱ्याला सांगायला हवे होते.

कलम १. मला ऑर्विलच्या शेजारी पुरावे. जागेचे पैसे भरलेले आहेत, याखेरीज दुसरे कारण नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक, पुरण्याचा खर्च वजा जाता, ज्या सिस्टर्सनी मला आठवीपर्यंत शिकवले त्यांच्या वृद्धाश्रमाला. तिथे आता दोघीच उरल्या आहेत आणि एकीला मी आठवत नाही. सिस्टर पर्पेचुआ केव्हाच गेल्या. त्यांनी वर्गातल्या टेबलावर मेंढीची छाती उघडून आम्हा मुलींना हृदय आणि फुप्फुसे दाखवली होती. मी बोट चुकीच्या जागी ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "देवाने एवढी मोठी जागा दिली आहे, बर्नडीन, आणि तुला नेमकं पोटच सापडलं?" शिकारीबद्दल यापेक्षा उपयोगाचे मला पुढे कोणीही सांगितले नाही.

कलम ३. थर्ड स्ट्रीटवरचे घर डेरिलला. छताला डागडुजी लागते. ते मी मुद्दाम केलेले नाही.

कलम ४. दिवाणखान्याच्या भिंतीवरची एल्कची शिंगे करवतीने कापून, तुकडे करून, भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला चघळायला द्यावीत. हे घर ताब्यात देण्यापूर्वी व्हावे. कारण असे: १९९१ साली ऑर्विलने आपल्या थ्री हंड्रेड मॅग्नम रायफलने दरीपलीकडच्या एका नराला गोळी घातली, "चुकली" म्हणाला आणि केबिनमध्ये येऊन कॉफी प्यायला. तिसऱ्या दिवशी डोमकावळे घिरट्या घालताना दिसले, म्हणून मी दुकान बंद करून वर गेले. नर एका फरच्या झाडाखाली बसला होता. गोळी पोटात होती. मला पाहून पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होता, मागचे उठत नव्हते. मी वडिलांच्या रायफलने एक गोळी घातली. नियमाप्रमाणे माझा त्या वर्षीचा परवाना-टॅग त्याच्या शिंगाला बांधला, म्हणजे माझी शिकार संपली. मांस सडलेले होते. मी घरी येऊन सांगितले तेव्हा ऑर्विल म्हणाला, "सापडला ना? मग चुकली कुठं?" आणि शिंगे आणून भिंतीला ठोकली. पुढची सतरा वर्षे आल्यागेल्याला त्याने ती पाचशेचाळीस यार्डांवरची म्हणून दाखवली.

कलम ५. तळघरातल्या काचेच्या बरण्या माझा दीर व्हर्नन नटसन याला. चौतीस वर्षे मी घरामागच्या दुकानात लोकांनी मारून आणलेली जनावरे सोलून, कापून, कागदात बांधून दिली. मांसात सापडलेली प्रत्येक गोळी मी धुऊन बरणीत टाकली आणि चिठ्ठी लावली: कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, जनावर, शिकाऱ्याने सांगितलेले अंतर, आणि गोळी कुठे सापडली. व्हर्ननने त्या एकदा शांतपणे वाचाव्यात. तो आणि ऑर्विल माझ्या याच टेबलाशी सव्वीस वर्षे एकाच प्रश्नावर भांडले: शेळीएवढ्या प्राँगहॉर्नपासून रेड्याहून मोठ्या मूसपर्यंत सगळ्याला एकच रायफल ठेवायची तर कॅलिबर कोणता?

"टू-सेव्हन्टी," व्हर्नन म्हणायचा. "गोळी सपाट जाते, खांदा दुखत नाही."

"दुखायला आधी खांदा लागतो. थ्री हंड्रेड मॅग्नम घे. आठशे यार्डांवर एल्क जागच्या जागी बसतो."

"तुला चष्म्याशिवाय चर्च दिसत नाही, ऑर्विल. आठशे यार्डांवर तो एल्क आहे की कोणाची गाय, हे तुला कोण सांगणार?"

"बर्न, कॉफी आण गं."

मला दोघांनीही कधी विचारले नाही. म्हणून माझे उत्तर इथे लेखी देते. माझ्या दुकानात जी जनावरे वाया गेलेली आली, त्यांतली फार थोडी गोळी लहान पडली म्हणून वाया गेली होती. पोटात लागलेली टू-सेव्हन्टी आणि पोटात लागलेली मॅग्नम यांचा वास सारखाच येतो. जवळून मॅग्नम खांद्यात लागली की अख्खा खांदा रक्ताच्या जेलीसारखा होतो, आणि तो कापून टाकताना मालक बाहेर उभा राहून तिच्या ताकदीचे कौतुक करत असतो. डोळे उघडे ठेवून झाडता येईल त्यातला सगळ्यांत मोठा कॅलिबर घ्यावा, त्याच्यावरचा घेऊ नये. बहुतेक माणसांच्या बाबतीत तो थर्टी-ऑट-सिक्स असतो. प्राँगहॉर्न आणि हरणाला दीडशे ग्रेन वजनाची गोळी, एल्क, मूस आणि अस्वलाला एकशेऐंशीची. काडतुसे पेट्रोल पंपावरही मिळतात. आमच्या भागातल्या पुरुषांची खोड अशी की नेम चुकला की ते आणखी मोठी रायफल विकत घेतात, मग तिच्या धक्क्याला आणखी घाबरतात, आणि आणखी चुकतात.

कलम ६. ऑर्विलची मॅग्नम डेरिलला, दुर्बिणीसकट. त्याच्या उजव्या भुवईवर जो अर्धगोल व्रण आहे तो धक्क्याने मागे आदळलेल्या याच दुर्बिणीचा आहे. तो लोकांना काटेरी तारेचा म्हणून सांगतो. तारेचा नाही.

कलम ७. जमीन, केबिन आणि माझ्या वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स. हे कलम मोठे आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

गेल्या महिन्यात मी डेरिलला सांगितले, "जमीन हवी ना? रविवारी चर्चमधल्या मासनंतर खडीच्या खाणीत ये. आजोबांची रायफल, जमिनीवर बसून, दोनशे यार्ड, कागदी ताटलीत. पाचांतल्या चार लागल्या की सगळं तुझं."

"माझी मॅग्नम आणतो की."

"नको. तिला तू घाबरतोस."

तो हसला. "आई, पन्नाशी ओलांडली मी. परीक्षा कसल्या घेतेस?"

"तुझं पत्रक म्हणतं तू अनुभवी मार्गदर्शक आहेस. पाच गोळ्यांचं काम आहे."

रविवारी तो आला. व्हर्नन घडीची खुर्ची घेऊन आला. निवृत्त वनरक्षक गिल्बर्ट ऑस्टबी आणि शेजारच्या लुसील पॅरेन्टो यांना मी साक्षीला बोलावले होते. सून ट्रिना सँडविचेस घेऊन आली होती. सगळ्यांकडे पाठ करून मी रायफल भरली आणि पाचांत एक काडतूस दारू नसलेले घातले. मुले पहिल्यांदा शिकतात तेव्हा आमच्याकडे असे करतात. गोळी सुटली नाही की मूल दचकते का ते उघड दिसते. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला कोणी असे करत नाही.

डेरिलची पहिली ताटलीच्या खाली, मातीत. दुसरी कडेला लागली. तिसऱ्या वेळी नुसते खट झाले. रायफलचे तोंड वीतभर खाली गेले, खांदे कानांपर्यंत आले, आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले. आवाज नसल्यामुळे सगळ्यांना ते सावकाश बघता आले. व्हर्नन आपल्या बुटाकडे बघू लागला.

"काडतूस खराब होतं," डेरिल म्हणाला.

"रिकामं होतं. मी घातलं होतं. उरलेल्या दोन झाड."

त्याने झाडल्या नाहीत. रायफल सतरंजीवर ठेवली, पिकअपमध्ये जाऊन बसला आणि काच वर केली. मला बरे वाटले. खोटे लिहायचे नाही म्हणून लिहिते.

मग ट्रिनाने हात पुसले. "मी बसू?"

"तू? सेफ्टीचा खटका कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

"उजवीकडे, मागे. भरा तुम्ही."

मी पुन्हा पाठ करून भरली. या वेळी चौथे रिकामे. ती मांडी घालून बसली, कोपरे गुडघ्यांच्या आत टेकवली, पट्टा दंडाला गुंडाळला. तीन झाडल्या. चौथ्याला खट झाले आणि काहीच हलले नाही, नळीचे टोकसुद्धा नाही. तिने रीतीप्रमाणे अर्धा मिनिट थांबून काडतूस बाहेर काढले, तळहातावर पाहिले, बाजूला ठेवले आणि पाचवी झाडली. गिल्बर्ट चालत जाऊन ताटली घेऊन आला. "चार," तो म्हणाला. "चारही कपाखाली झाकतील."

"कुठे शिकलीस?" मी विचारले.

"बाबांच्या गव्हाच्या शेतात. उन्हाळाभर शेत पोखरणारे गोफर मारायचो. दिवसाला शंभर-शंभर."

"एकोणीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, रोस्ट करपला कसा." तिने रिकामे काडतूस माझ्यासमोर धरले. "तो डोळे मिटतो हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

"तो बारा वर्षांचा होता तेव्हापासून. बापाने त्याच्या हातात मॅग्नम दिली. पहिल्याच गोळीला कपाळ फुटलं, तरी उरलेली पेटी संपवायला लावली."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"दुकानात."

"दुकान घराच्या मागेच होतं, बर्नडीन."

हे सर्व इथे लिहिते आहे, कारण लुसीलने ते ऐकले आहे, आणि मी लिहिले नाही तर ती आपल्या पद्धतीने सांगेल.

दुसऱ्या बुधवारी मी याच कलमाखाली जमीन आणि रायफल ट्रिनाच्या नावे लिहिली आणि पुढे सात अटी घातल्या. गुरुवारी तिला बोलावून वाचायला दिले. तिने उभ्यानेच वाचले, कोट न काढता.

"मला नको," ती म्हणाली.

"जमीन नको?"

"या सात ओळींसकट नको. सिस्टर्सना द्या. नाहीतर त्यालाच द्या."

"तू विकशील."

"विकेनसुद्धा."

"नाहीतर त्याला खोल्या बांधू देशील. रात्री रडला की विरघळशील."

"तो रडतो हे तुम्हाला कसं माहीत?" तिने कागद टेबलावर ठेवला. "माझ्या नवऱ्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. तुम्ही तेव्हा नसाल. एवढं तरी मान्य करा आणि मग लिहा."

ती गेली. मी दोन दिवस विचार केला. मी काहीच लिहिले नाही तर कायद्याने सगळे डेरिलचे आणि नोव्हेंबरात ओसरीवर पहिला पाहुणा. सिस्टर्सना दिले तर त्यांचे वकील वसंत ऋतू येण्याच्या आत विकतील आणि घेणारा डेरिलचाच कोणी भागीदार असेल. दुसरी कोणी व्यक्ती माझ्या ओळखीची नाही जिच्या हातात ती रायफल हलत नाही. मला ट्रिना आवडत नाही. तिचा रोस्ट आजही करपतो. शनिवारी मी पेन उचलून सात ओळी खोडल्या. एकेक ओळ खोडताना मला जे वाटले ते या दस्तऐवजाचा भाग नाही.

म्हणून: बोमन ओढ्यावरची एकशेसाठ एकर जमीन, केबिन, पाण्याचा हक्क आणि माझे वडील मायकेल हॅलोरन यांची थर्टी-ऑट-सिक्स रायफल, हे सर्व मी ट्रिना लुईस नटसन हिला, तिच्या एकटीच्या नावावर, कोणतीही अट न घालता देत आहे. तिथे काय करावे, कोणाला येऊ द्यावे, किती यार्डांवरून कोणी झाडावे, हे ती ठरवेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी गिल्बर्ट ऑस्टबी यांनी करावी. त्यांनी माझ्या नवऱ्याला दोनदा दंड केला होता. तेवढी पात्रता मला पुरेशी आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझा आहे. पान पाचवरच्या सात ओळी मी स्वतः खोडल्या असून शेजारी आद्याक्षरे केली आहेत. पान दिव्यासमोर धरून त्या वाचू नयेत.

सही: बर्नडीन हॅलोरन नटसन

ठिकाण: कॅलाहन फ्लॅट्स, मॉन्टाना
तारीख: १५ ऑक्टोबर २०१६

वरील सही आमच्या दोघांच्या समक्ष झाली. सही करताना बाई शुद्धीवर होत्या आणि त्यांनी आम्हाला दोनदा गप्प बसवले.

साक्षीदार:
१. गिल्बर्ट ऑस्टबी, निवृत्त वनरक्षक
२. लुसील पॅरेन्टो, शेजारी