समुद्रातून न दिसणारं गाव

गुदैबिया, बहरीन

प्रिय यानी,

आज सकाळी तुझ्या पोराला, निकोसला, विमानतळावर सोडून आलो आणि लिहायला बसलो. तुझ्या गावच्या घराचं काय झालं, हे तुला कुणीतरी कळवायलाच हवं. इतकी वर्षं आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीवर भागवलं. आता वर गेल्यावर तुला कुठलीही भाषा कळत असेल, म्हणून मी आपला मराठीत लिहितोय.

निकोस मेलबर्नहून आला तो तुझी इथली, झिंज भागातली खोली रिकामी करायला. सोबत गावचं घर विकायचे कागदही होते, फक्त सही बाकी. मला म्हणाला, "अंकल, ग्रीसच्या कुठल्याशा डोंगरावरचं पडकं घर. लहानपणी एकदाच गेलोय. ठेवून करू काय?"

माझं डोकंच फिरलं. पडकं घर?

काल शुक्रवार, सुट्टीचा दिवस. त्याला घरी जेवायला आणलं. ताटात कालवण पडेपर्यंत मला दम निघाला नाही. आमची ही म्हणाली, "अहो, पोराला दोन घास तरी खाऊ द्या." पण मी ऐकतोय कसला! तुझ्याकडून ऐकलेलं सगळं त्याला सांगत सुटलो.

चाचे किनाऱ्यावरून माणसं पकडून न्यायचे, म्हणून तुझ्या पूर्वजांनी गाव डोंगरात असं लपवलं, की समुद्रातून एकही भिंत दिसू नये. घरांना घरं जोडली, बाहेरून सगळा कोटच. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन गाढवं समोरासमोर आली तर मागे कुणी सरायचं यावरून पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं. लढाईच्या काळात शहरात माणसं उपाशी मरत होती, तेव्हा तुझ्या आजीने उतारावरच्या शेतातलं धान्य दळून आल्यागेल्याला भाकरी दिली. आणि शाळा? सरकार बांधून देईना, तेव्हा रविवारी चर्च सुटलं की सारं गाव ओढ्यात उतरायचं आणि जो तो झेपेल तो दगड घेऊन वर चढायचा. तू पोटात असताना तुझ्या आईनेही नेला. हे सांगताना तुझी मान कशी ताठ व्हायची. काल माझीही झाली.

निकोसचा हात ताटात थांबला. "बाबा मला हे कधीच बोलले नाहीत. फोनवर विचारायचे, अभ्यास कसा चाललाय, थंडी आहे का."

का रे यानी? गोदीच्या शेडमध्ये चहा पिताना मला, रत्नागिरीच्या माणसाला, अख्खं गाव पाठ करून दिलंस आणि पोटच्या पोराला हवामान विचारत बसलास? रागावलोय मी तुझ्यावर. पण कळतंही मला. परदेशातून लावलेल्या फोनवर गाव सांगून होत नाही.

आज विमानतळावर निकोस गाडीतून सामान उतरवताना म्हणाला, "घर राहू दे, अंकल. कागद मी फाडले. पण खालच्या शेताची दगडी भिंत कोसळलीय, दलालाच्या फोटोत दिसली. गावात आता म्हातारीच माणसं उरलीत. बिनसिमेंटची ती भिंत रचायची कशी, मला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. आमच्याकडे त्याला गडगा म्हणतात. अब्बांच्या हाताखाली जांभ्या दगडाचे गडगे रचतच मी मोठा झालो.

तेव्हा यानी, पुढच्या रजेत, इंशाल्ला व्हिसा मिळाला की, मी रत्नागिरीच्या आधी तुझ्या गावी जाणार. भिंत मी उभी करीन, पण सगळ्यात वरचा दगड निकोसच्या हातून बसवून घेईन. तिथून पुढे गाव सांगायचं काम त्याचं.

तुझा दोस्त,
इक्बाल