बिनपंख्याची पेटी

काका, आज १४ डिसेंबर २०१६, दुपारचे सव्वातीन वाजले आहेत. ड्रायरच्या भिंतीवरची ती काळी पेटी मी आत्ताच चार स्क्रू काढून खाली उतरवली. उद्या तिथं नवी बसेल. आठ वर्षांत ती एकदाच बंद पडली. त्याचा दोष तुमच्यावर गेला. तो माझा होता, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला जाऊनही सहा वर्षं झाली, पण मी ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तिच्याआधी टेबलावरचे साधे कॉम्प्युटर होते. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची आपली मिल, हवेत सदा कोंडा. दोन-तीन महिन्यांत पंखा गच्च भरायचा आणि कॉम्प्युटर मरायचा. म्हणून ही पेटी आणली, तीही कॉम्प्युटरच. पंखा नाही, कुठं भोक नाही, वर नुसत्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. उष्णता त्यांतूनच बाहेर जायची. धान किती तापलं ते पाहून वाफ तीच सोडायची, तीच बंद करायची. तुम्ही मिल कानानं चालवणारे मिस्त्री, आणि ही आवाजच करत नव्हती. "पंखा नाही त दम कुठून घेऊन राहिली हे?" असं म्हणून तुम्ही तासातासाला पट्ट्यांवर तळहात ठेवायचात. "जित्ती हाय." कोणी तिच्यावर दुपट्टा वाळत टाकला तर ओरडायचात, "काढ बे! तिची पाठ झाकू नोको, मरन ते." मी दहावी नापास, पण माझं लिहिणं शुद्ध, म्हणून रजिस्टर माझ्याकडे दिलं होतं.

त्या दिवशी थंडी फार होती. तुम्ही बॉयलरकडे गेलेले. आईनं दिलेला भात गार पडलेला. मी डबा पट्ट्यांवर ठेवतो, ऊब राहावी म्हणून वरून बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्याची, घडी टाकतो, आणि रजिस्टरमधलं खाडाखोड झालेलं पान पुन्हा स्वच्छ उतरवत बसतो. पेटी तापून कधी बंद झाली ते कळलंच नाही. वाफ मात्र चालूच राहिली. तुम्ही आलात, बारदाना उचललात, डबा टेबलाखाली सरकवलात आणि पट्ट्यांवरच्या कोंड्यात उमटलेला डब्याचा गोल खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलात. मी उभा होतो. तेवढ्यात सेठ आले.

"मिस्त्री, पूरा माल पीला पड़ गया! मशीन बंद, और तुम क्या कर रहे थे?"

"बारदाना मीच टाकलो, सेठ. ध्यान नाही राहिलं."

"तुम? सबको डाँटने वाले तुम?"

सेठनी तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सेठ गेल्यावर मी रडायला लागलो, तर म्हणालात, "काऊन रडतेस बे? तुले इथं तीन महिने नाही झाले, तुले कोनी दारात उभा नाही करनार. मले दुसरीकडं काम भेटन." मग रजिस्टर माझ्यापुढे ढकललंत. "लेह. मिस्त्रीच्या चुकीनं बंद." मी लिहिलं, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकवता. जाताना दारातून म्हणालात, "जेवून घे, थंडा होऊन राहिला."

तुम्ही इथल्याच गोरेगावकडच्या एका लहान मिलवर गेलात. तिथं अशी पेटी नव्हती, मिस्त्रीपणही नव्हतं, पोती मोजायचं काम होतं. मी तुम्हाला भेटायला दोनदा बसस्टँडपर्यंत आलो आणि परत फिरलो.

आज कंपनीचा इंजिनिअर रजिस्टर चाळत होता. त्या पानावर थांबला. "आठ साल में एक ही बार बंद? क्या हुआ था?" सेठ आता मिलवर येत नाहीत. तुमच्या खुर्चीवर मी बसतो. खरं बोललो असतो तर माझं काहीच बिघडणार नव्हतं. मी म्हणालो, "पुराने मिस्त्री थे. उन्होंने बोरा डाल दिया था." तो हसला आणि त्यानं तसंच लिहून घेतलं.

तुम्हाला लिहिलेलं हे पान मी रजिस्टरमध्ये त्या तारखेला लावून ठेवणार होतो. आता घडी करून खिशात ठेवतो आहे. कोणी वाचेल, याची भीती वाटते.