तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त

क्युपर्टिनो, १२ ऑक्टोबर २००८

अरुणरावांनी आज अबोलीला मारलं. केस धरून डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं — सख्ख्या बापानं! ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, मी आणि ज्ञानदा लग्न करतोय. चार तारखेच्या आत."

चार नोव्हेंबरला मतदान. जूनपासून इथे दोन बायकांचं लग्न लागतं, ते बंद करायचं की नाही, यावर.

भाचीला सोडवायला मी मध्ये पडलो, तर म्हणतात, "हॉटेलवाले, तुम्ही पोळ्या लाटा." लाटल्या की. पोळ्या लाटूनच हॉटेल उभं केलं आणि मनगटही. एक ठेवून दिली. मेहुण्यांचं नाक फुटलं. माझी बहीण वीणा फरशी पुसत राहिली.

अबोली आता आमच्याकडे. कानामागे टाके.

१४ ऑक्टोबर

त्र्यंबक गुरुजींकडे गेलो. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग, शनिवार-रविवार सोवळं.

"लग्न लावतो," म्हणाले, "पण हा चातुर्मास. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाही. काढीव मुहूर्त चालेल?"

मी म्हटलं, "अरुणराव म्हणतात, हा धर्मावर घाला आहे."

"मी खुशीने मंत्र म्हणणार, त्या दोघी खुशीने माळा घालणार. घाला कुणावर, यार? ज्याला पटत नाही त्याने आपल्या देवळात लावू नये. तुम्ही मामा म्हणून मुलीमागे उभे राहताय ना? झालं तर."

एक नोव्हेंबर ही तारीख ठरली. हॉल माझाच.

१९ ऑक्टोबर

वीणा आली. डोळे सुजलेले. "दादा, एकुलती लेक माझी. काढीव मुहूर्तावर उरकणार? सोळा नोव्हेंबरला खरा मुहूर्त आहे. तो धर, मी येते. ह्यांनाही आणते."

आई अक्षता टाकायला येतेय म्हटल्यावर अबोली ढसाढसा रडली. ज्ञानदा म्हणाली, "मग आधी काउंटीच्या कचेरीत जाऊन कायद्याचं तरी करून येऊ ना, मामा." वीणाने माझा हात धरला. "माझ्या माघारी नको. एकदाच, सगळ्यांसमोर."

शब्द दिला. मतदानाची काय भीती? माझे कान हॉटेलभर असतात. एकही टेबल बंदीच्या बाजूने बोलत नाही.

२५ ऑक्टोबर

ऐन जेवणाच्या वेळी काचेतून वीट आली. गिऱ्हाइकाला बिल द्यायला उभ्या ज्ञानदाच्या भुवईवर. रक्त थेट वरणाच्या वाटीत. दोन पोरं पळाली. पार्किंग लॉटमध्ये एकाला गाठलं आणि पालथा पाडून बडवला. पोलिसांनी मलाच आधी आवरलं.

२७ ऑक्टोबर

निम्मी टेबलं रिकामी. वीट पडली म्हणून नव्हे — तिथे बसणारी मंडळी महिनाभर आलेलीच नाहीत. ती काय बोलतात ते मला कसं ऐकू येणार?

२ नोव्हेंबर

देवळामागे गुरुजींना बॅटने मारलं. हात दोन ठिकाणी मोडला. हॉस्पिटलात म्हणाले, "सोळा तारखेला डाव्या हाताने लावतो. आशीर्वादाला कुठला हात लागतो?"

तिथेच ज्ञानदा मागे लागली. "मामा, उद्या सोमवार. प्लीज, काउंटीत जाऊ." अबोली म्हणाली, "मामा म्हणतील तसं."

बाहेर जाऊन वीणाला फोन केला. ती हुंदके देत होती. "दादा, ह्यांना आत्ता कुठे तयार केलंय. अहेराची साडी आणली मी. तू शब्द मोडलास तर तोंड दाखवू नकोस."

आत येऊन पोरींना म्हटलं, थांबा. दोनच आठवडे.

५ नोव्हेंबर

बंदी पास झाली. काउंटीच्या खिडकीवरून पोरींना परत पाठवलं.

वीणाला फोन लावला. "अरेरे," म्हणाली, आणि रिसीव्हर तळहाताने झाकला. माझे कान तिला माहीत असायला हवे होते.

"बघा," ती अरुणरावांना हळूच म्हणाली, "तुम्ही उगाच मारत बसलात."