अण्णाच्या तोंडी दिलेलं वाक्य

३ नोव्हेंबर

तो महेशअण्णाच आहे! नाव बदललंय, मिशी लावलीय, तरी अण्णाच.

सकाळी पुण्याच्या स्टुडिओकडून सहाव्या भागाची फाइल आली. विमान अपघातांवरची ही हिंदी मालिका. तिच्या मराठी डबिंगचे संवाद मी लिहिते. आधीचे पाच भाग परदेशातले होते, मजेत लिहिले. चहा पीत लिहिले! हा आपल्याकडचा, काही वर्षांपूर्वीचा. डोंगरातला छोटा विमानतळ, धुकं, उतरताना विमान टेकडीला घासलं. कॅप्टन आणि शेजारचा तरुण को-पायलट दोघं गेले. मागच्या रांगांतली काही माणसं वाचली.

मालिकेतला को-पायलट, म्हणजे आमचा अण्णा, थरथरतो. डोळे मिटून घेतो. कॅप्टन एकटाच झुंजतो आणि मध्येच ओरडतो, "ए सोलापूर, हात काढ तिथून!"

सगळ्यांची नावं बदलली आणि गाव तेवढं ठेवलं. आमच्या चाळीत कुणाला कळणार नाही असं वाटलं काय यांना?

आज एक ओळ लिहिली नाही.

४ नोव्हेंबर

दिवसभर गच्चीच आठवते आहे.

महेशअण्णा आमच्या समोरच्या खोलीतला. त्याचे वडील चादरीच्या मागावर, आई सावित्रम्मा दारात सूप घेऊन विड्या वळायची. अजून वळते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि अण्णा चिडला की दोन्ही एकदम! सुट्टीत तो आम्हा पोरांना गच्चीवर न्यायचा. कारखान्यातून टाकून दिलेले जकार्डचे पुठ्ठे आणायचा. चादरीची नक्षी ज्यावरून उठते ते, भोकाभोकांचे. त्यांची विमानं करायचो. एकही धड उडायचं नाही.

"भोकातनं हवा जाते म्हणून पडतंय," मी शहाण्यासारखं म्हणाले होते.

"भोकाला कशाला नावं ठेवतीस? नाक जड झालंय बघ. शेपटीला चिमटा लाव."

चिमटा आईचा, कपडे वाळत घालायचा. लावला. विमान सरळ शेजारच्या गच्चीवर, तिथल्या पापडांत! मग काय आरडाओरडा. अण्णा खाली वाकून हात जोडतोय, "मावशी, ट्रायल होती की ओ!"

एका पडलेल्या विमानामागं दहा कारणं असतात, हे तो तेव्हापासून सांगायचा. आम्ही हसायचो. आमच्यात कारण नेहमी एकच असायचं — ज्यानं फेकलं तो.

६ नोव्हेंबर

ऋतुजा मॅडमना फोन केला. मराठीचं सगळं काम त्या बघतात. सांगितलं, हा माणूस माझ्या ओळखीचा, तो असा नव्हता, आणि तो डोळे मिटून बसला हे कुणी पाहिलंय?

त्या शांतपणे म्हणाल्या, "सृष्टी, आपण संवाद लिहितो. न्याय देत नाही. पटकथा पास झालीय."

मी म्हणाले, सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' एवढं मोठं येतं. 'काही प्रसंग नाट्यासाठी बदलले' हे शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात. ते मराठीत मोठ्यानं वाचून तरी दाखवू या. सावित्रम्माला फक्त तेलुगू वाचता येतं. तिच्यासारख्या किती जणी असतील!

"तो भाग चॅनेलचा. आपल्या हातात नाही गं."

आई भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "आमच्यात पयली ग्रॅज्युएट तू. तीन वर्षं कॉलेजात काय शिकलीस, तर लोकांची तोंडं बघून वाक्यं लिवायला! आणि ती बी खोटी!"

हसू आलं. आणि रडू पण.

७ नोव्हेंबर

काम सोडलं तर दुसरं कुणीतरी हेच लिहील. त्याला अण्णा कोण ते माहीतही नसेल.

९ नोव्हेंबर

चौकशीचा अहवाल नेटवर आहे, कुणालाही वाचता येतो. दोन दिवस वाचला. निम्मा कळला नाही, पुन्हा वाचला.

दिवे नीट लागत नव्हते. हवामानाचा निरोप जुना होता. कॅप्टनची सलग ड्यूटी झाली होती. कंपनीनं त्या विमानतळाचा सराव दिला नव्हता. आणि अण्णा? अण्णा डोळे मिटून बसला नव्हता! तो दोनदा म्हणाला होता, "गो अराउंड, सर." म्हणजे उतरायचं सोडा, पुन्हा वर घ्या. दोन्ही वेळा स्पष्ट. अहवालात छापलंय.

मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मंग टीव्हीवाल्यास्नी हे वाचता आलं न्हाय व्हय?"

१२ नोव्हेंबर

सावित्रम्माकडे गेले. सांगायचंच होतं, चौकातून कळण्याआधी.

"ये गं सृष्टम्मा. काय करलालीस आजकाल? दिसंना झालीस." सूप बाजूला सरकवलं. हाताला तोच तंबाखूचा वास. लहानपणी मी याच वासात, हिच्या मांडीवर झोपायचे. आईची दुपारपाळी असली की अण्णा माझा अभ्यास घ्यायचा आणि ही आंबट भात वाढायची.

अडखळत सांगितलं. मालिका, दिवस, चॅनेल. तो कसा दाखवलाय ते नाही सांगू शकले. म्हणाले, थोडं बदलून दाखवलंय.

ती पानाच्या कडा कात्रीनं नीट करत राहिली.

"तवा पेपरात आलं, पायलटची चूक. बास. तेवढंच लोकांनी धरलं. पाण्याच्या टँकरवर एक बाई मला म्हणली, तुझ्या पोरानं माणसं मारली. मी काय बोलू? मी इमानात बसले नाय कधी." मग एकदम विचारलं, "तो काय तरी बोलला असंल की शेवटी? गप बसणारा पोरगा नव्हता माझा. बोलला असंल, आणि कुणी ऐकलं नसंल."

मी सांगितलं. दोनदा बोलला. वर घ्या म्हणाला.

तिनं कात्री खाली ठेवली. मग, "हे टीव्हीत हाय?"

"नाही."

"तू लिवतीस ना तिथं?"

१३ नोव्हेंबर

तू लिवतीस ना तिथं. — दुसरं काही ऐकूच येत नाही.

१५ नोव्हेंबर

जमलं!!

आमच्या कामात एक सोय असते. बोलणाऱ्याचं तोंड दिसत असेल तर वाक्य ओठांवर बसवावं लागतं, एक अक्षर इकडचं तिकडं चालत नाही. पण माणूस पाठमोरा असला की ओठ नसतात. तिथं जागा भरायला संवादलेखक काहीबाही घालतोच — 'अरे देवा', 'सांभाळा', 'थांबा थांबा'. मीही पाच भागांत घातलंय. कुणी विचारत नाही.

शेवटच्या प्रसंगात कॅमेरा दोघांच्या मागं जातो. दोन डोकी, समोर धुकं. मूळ हिंदीत तिथं फक्त संगीत आहे. छोटीशी जागा. एकच वाक्य मावतं. मी लिहिलं:

"सर, उतरू नका! वर घ्या!"

खोटं नाही हे. माझं नाही. त्याचंच आहे, त्यानं म्हटलेलं.

ऋतुजा मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "पाठमोराच आहे ना? असू दे." आणि मग, "हुशार आहेस."

त्या ओळखून आहेत. तरी पास केलं.

१६ नोव्हेंबर

आज सारखं आठवतंय ते अण्णाच्या सत्काराचं. पायलटचं लायसन्स मिळालं तेव्हा समाजाच्या हॉलमध्ये कार्यक्रम. नारळ, हार, आणि वर सोलापुरी चादर! त्याचे वडील पहिल्या रांगेत. चादर उघडली तशी ते शेजाऱ्याला म्हणाले, "ह्ये आमच्याच मागावरचं हाय की!" सगळा हॉल हसला. अण्णानं ती चादर पांघरूनच भाषण केलं. मे महिन्यात! घामानं निथळत होता. म्हणाला, होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून विमानं सुरू झाली की पहिली फेरी मी नेईन, अम्माला खिडकीत बसवून.

आता होटगी रोडवरून विमान जातं. आवाज आला की चाळीतली पोरं पळत बाहेर येतात. सावित्रम्मा वर बघत नाही.

२८ नोव्हेंबर

लागला तो भाग.

सावित्रम्माच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात, जिन्यात माणसं. आई मला चिकटून बसलेली. 'ए सोलापूर' आलं तेव्हा सगळ्यांच्या माना सावित्रम्माकडे वळल्या. अण्णासारखा तो पोरगा थरथर कापायला लागला तशी सावित्रम्मानं मान खाली घातली. मी मनात म्हणत होते, थांब, अम्मा, थोडं थांब.

मग दोन पाठमोरी डोकी.

"सर, उतरू नका! वर घ्या!"

सावित्रम्मानं मान वर केली. आवाज कुठल्यातरी पुण्याच्या मुलाचा. पण तिनं हात जोडले.

त्यानंतर लगेच कॅप्टनचा चेहरा येतो. जबडा घट्ट, नजर समोर. हिंदीत बघताना वाटतं, काय धीराचा माणूस! आज तोच चेहरा बघून जिन्यात उभा असलेला, मागावर काम करणारा बसू ओरडला, "बघा की! पोरगं बोंबलतंय आन् ह्यो मुडदा ऐकंना!"

"मंग खरा गुन्हेगार ह्योच की!"

"मोठा साहेब ना. गरिबाचं कशाला ऐकंल!"

खोलीभर तेच. कुणीतरी कॅप्टनला अशी शिवी दिली की आईनं माझे कान झाकले, मी चोवीस वर्षांची असून! सावित्रम्मानं सगळ्यांना चहा केला. ती टँकरवरची बाई पण आली होती. तिनं बशी दोन्ही हातांनी धरली आणि खाली मान घालून प्याली.

जाताना सावित्रम्मा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू माझ्या पोराचं तोंड उघडलंस, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू.

इतक्या वर्षांनी कुणाचं काही देणं फिटल्यासारखं वाटतंय. शिकले ते कामी आलं.

३० नोव्हेंबर

रस्त्यात बसू भेटला. अजून त्याच तावात. "त्या कॅप्टनचं घरदार कुटं असतंय गं? विचारायला पायजे एकदा!" मी म्हणाले, नावं बदललेली असतात. घरी आले. जेवले नाही नीट.

२ डिसेंबर

मेसेज आला. मालिकेच्या शेवटी नाव वाचून मला शोधलं म्हणे. आरोही, नाशिकची. त्या कॅप्टनची मुलगी. तिची आजी फक्त मराठी कार्यक्रम बघते, म्हणून घरात मराठीतूनच लावलं होतं.

शिवी नाही, ओरडा नाही. लिहिलंय — 'तुम्ही को-पायलटचं खरं वाक्य घातलंत, बरं वाटलं. मी अहवाल पाठ केलाय. त्याच्या दुसऱ्या वाक्याला माझ्या बाबांचं उत्तर आहे. "हो, वर घेतोय." विमान तेव्हा वर उचललं जात होतं. उशीर झाला होता, एवढंच.'

अहवाल उघडला. आहे. लगेच खालच्या ओळीत. मी ती वाचली होती. कॅप्टनची म्हणून पुढं गेले होते.

अण्णाचं ऐकलं होतं त्यांनी. आणि हे सावित्रम्माला मी सांगितलेलंच नाही.